कुशाबुवांचा हर्निया, दत्तारामचा मोबाइल

माणसाला आजार व्हावा तर असा व्हावा, की चारचौघांत त्याचं नाव घेता आलं पाहिजे. बीपी, शुगर, गुडघे ही कशी घरंदाज दुखणी. देवळाच्या कट्ट्यावर बसून आपण आपली सांगावीत, समोरच्याने त्याची काढावीत, दुपार मजेत निघून जाते. चिंचपोकळीच्या चाळीतले कुशाबा घाडीगांवकर ऊर्फ कुशाबुवा यांना मात्र झाला हर्निया, आणि तोही अशा जागी की दाखवायची सोय नाही. बुवांनी तो कित्येक महिने लेंग्याच्या नाडीखाली गुपचूप सांभाळला. रमाबाईंना, म्हणजे लग्नाच्या बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

बिंग फुटलं शनिवारच्या भजनात. चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा म्हणजे कुशाबाच. पेटी त्यांची, गळा त्यांचा, आणि गजराचा वरचा सूरही त्यांचाच. गजर म्हणजे भजनाचा कळस. लय चढत चढत जाते, टाळ तापतात, आणि शेवटी बुवाने वरचा सूर धरून ठेवायचा असतो. त्या शनिवारी बुवांनी सूर धरला आणि पुढच्याच क्षणाला पेटी सोडून दोन्ही हातांनी ओटीपोट धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मंडळींना वाटलं, बुवांना पांडुरंग दिसला. टाळ्या पडल्या. एकाने पाया पडून घेतलं. बुवांना उठता येईना तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की हे प्रकरण भक्तीचं नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "ऑपरेशन. आणि तोवर गाणं बंद."

"गाणा बंद?" बुवांनी विचारलं. "आणि रामनवमी?"

रामनवमीला डबलबारी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने भजनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने भजनातूनच उत्तर द्यायचं, आणि मध्ये बसलेली पब्लिक कोणाची जिरली ते ठरवते. समोर येणार होता कॉटन ग्रीनचा बुवा. दोन वर्षांपूर्वी त्याच्याविरुद्ध बसताना कुशाबांनी माइकवर जाहीर केलं होतं, आज हरलो तर मिशी उतरवीन. आणि हरले. शेवटच्या गजरात त्यांचा सूर मध्येच तुटला. दुसऱ्या दिवशी पन्नास वर्षांची झुपकेदार मिशी न्हाव्याच्या फरशीवर पडली, आणि जिंकल्याशिवाय ती पुन्हा ठेवायची नाही असं बुवांनी ठरवलं. या रामनवमीला ती बाकी फेडायची होती. बुवांना ऑपरेशनची भीती नव्हती, मरणाचीही फारशी नव्हती. रामनवमीला आपली गादी रिकामी राहील आणि कॉटन ग्रीनचा बुवा माइकवर आपली विचारपूस करील, या विचाराने त्यांचं जेवण गेलं.

ऑपरेशनचा खासगी खर्च ऐकून मुलाने, म्हणजे विनीतने, खुर्ची ओढून घेतली. एवढ्यात बातमी गॅलरीभर झाली होती आणि सल्ले सुरू झाले होते. कोणी म्हणालं, पट्टा बांधा. कोणी म्हणालं, एरंडेल. एकाच्या साडूने हर्निया नुसत्या शीर्षासनाने घालवला होता, मात्र साडू आता हयात नव्हता. ज्यांना आयुष्यात कधी कोणी काही विचारलं नाही ती माणसंसुद्धा बुवांच्या दारात उभी राहून त्यांच्या ओटीपोटाकडे बघत मत देऊ लागली. बुवांनी शेवटी मांडीवर उशी घेऊन बसायला सुरुवात केली.

कामाचं बोलल्या त्या फक्त इरावतीबाई. या शेजारच्या खोलीतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी पर्समधून एक कार्ड काढून बुवांच्या उशीवर ठेवलं. "आयुष्मान वय वंदना. सत्तरी उलटली की मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, योजनेत असलेल्या रुग्णालयात. माझा मोतीबिंदू याच्यावर झाला."

मोतीबिंदू झाल्यापासून इरावतीबाईंना सगळ्यांच्या घरातली जळमटं दिसू लागली होती, हे चाळीला माहीत होतं. पण कार्ड खरं होतं.

"तां पिवळ्या रेशनकार्डाचा," बुवा म्हणाले. "आमका नको कोणाचा फुकट."

"कुशाबा, उत्पन्न कोणी विचारत नाही. मला पेन्शन आहे, मलाही मिळालं. टॉवरमधल्या शेठलाही मिळतं. आधारवर वय सत्तर, एवढाच नियम. आणि दुखणं जुनं आहे म्हणून नाहीही म्हणत नाहीत. पहिल्या दिवसापासून चालतं."

"नुसत्या गोळ्या मिळतत?" रमाबाईंनी आतून विचारलं. त्यांना गुडघ्याच्या गोळ्या हव्या होत्या.

"नाही, नुसत्या तपासणीला नाही. ॲडमिट व्हावं लागतं. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या वर असतील तर दोघांत मिळून पाच लाख."

इथे रमाबाईंनी भांडी आवरायला घेतली. चाळीत आधारचं शिबिर लागलं तेव्हा त्यांनी चारचौघींत बसून वय चांगलं पाच वर्षांनी कमी सांगितलं होतं. साहेबाने जन्मतारीख नाही म्हणून एक जानेवारी टाकली आणि वय त्यांच्या तोंडावर विश्वास ठेवून लिहिलं. त्या दिवशी मिळालेलं तारुण्य आता असं अंगाशी आलं. असो. बुवांनी मात्र वय खरं सांगितलं होतं, किंबहुना मान मिळावा म्हणून थोडं चढवूनच सांगितलं असतं, पण रमाबाई शेजारी होत्या.

रविवारी सकाळी विनीतने मोबाइलवर ॲप उघडलं. तो लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे घरातल्या बटण असलेल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी त्याच्यावर असते. बुवा स्वच्छ सदरा घालून समोर बसले. विनीतने आधारचा नंबर घातला. "पाच मिनिटांचं काम आहे, बाबा. ओटीपी येईल तो सांगा."

ओटीपी आला नाही. बुवांच्या फोनवर नाही, रमाबाईंच्या नाही, विनीतच्याही नाही. विनीतने 'पुन्हा पाठवा' दाबलं. घरात शांतता. आणि गॅलरीच्या पलीकडून, समोरच्या खोलीतून आवाज आला, टुंग.

विनीतने पुन्हा दाबलं. पलीकडे पुन्हा टुंग.

"बाबा," विनीत हळूच म्हणाला, "शिबिरात मोबाइल नंबर कोणाचा दिलेला?"

बुवांचा चेहरा पडला. शिबिराच्या वेळी अख्ख्या मजल्यावर धड चालणारा मोबाइल एकाच माणसाकडे होता. तो कमरेला पट्ट्यात अडकवून फिरायचा, आणि त्या दिवशी मोठ्या दिलदारीने सगळ्यांना सांगत सुटला होता, घाला रे माझो नंबर, आपला काय वेगळा आसा? तो माणूस दत्ताराम मेस्त्री. तेव्हा तो बुवांचा पखवाजी होता, जिवाभावाचा. आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या डबलबारीपासून दोघं एकमेकांशी एक अवाक्षर बोलले नव्हते. बुवांचं म्हणणं, शेवटच्या गजरात पखवाज लय सोडून पळालो, म्हणून सूर तुटलो. दत्तारामचं म्हणणं, पखवाज जागेवर होतो, बुवांचो श्वास आखूड झालो. समोरासमोर खोल्या, एकच नळ, एकच गॅलरी, पण एक बाहेर आला की दुसरा आत जायचा. दत्तारामने पखवाजाला गवसणी घातली ती काढली नव्हती.

विनीतने न राहवून तिसऱ्यांदा दाबलं. टुंग झालं, आणि पाठोपाठ समोरचा दरवाजा उघडला. दत्ताराम बाहेर आला, कठड्याला टेकला आणि आपल्या बायकोला, म्हणजे सोनूबाईंना, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "सोनू, कोणतरी माका सारखे नंबर पाठवता हा. चोर असतलो. पण हयसर लिवलेला आसा, नंबर कोणाक सांगूचो नाय."

हा दत्ताराम मेस्त्री मुळात नियमाचा माणूस. त्यातून त्याच्या भाच्याला मध्यंतरी फोनवरून गंडा बसला, तेव्हापासून त्याने चाळीत जागृती आरंभली होती. जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'ओटीपी कोणासही सांगू नये. सांगणारा स्वतः जबाबदार.' खाली सही होती. पाऊस-वारा काही आलं तरी तो ते रोज गिरवायचा. आता या माणसाकडे ओटीपी मागायचा कसा?

"मी मागूचंय नाय," बुवा म्हणाले. "त्यापेक्षा हर्निया बरो."

ओटीपी नाही तर बोटांचे ठसे चालतात, असं इरावतीबाई म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशी विनीतने रजा टाकली आणि बापलेक केंद्रावर गेले. गिरणीत सूत हाताळून आणि पुढे जन्मभर पेटीच्या पट्ट्या दाबून बुवांची बोटं गुळगुळीत झालेली. यंत्राला ती दिसेचनात. केंद्रावरच्या मुलीने अंगठा पुसून पाहिला, दाबून पाहिला, फुंकर घालून पाहिली. रांगेतल्या लोकांनी सल्ले दिले. बुवांनी घरी येऊन लिंबू चोळलं. त्याने आग झाली म्हणून रमाबाईंनी खोबरेल लावलं. ते फार झालं म्हणून शेजारणीने तांदळाच्या पिठाने पुसून काढलं. पुन्हा केंद्रावर गेल्यावर मुलगी म्हणाली, "आजोबा, हात धुऊन या ना, मशीनला पीठ लागतंय." ज्या हातांना लोक भजनानंतर नमस्कार करायचे ते हात बुवांनी मोरीवर उभं राहून साबणाने धुतले. ठसा आला नाही तो नाहीच.

मग चेहरा. कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकवा. बुवांनी परक्या मुलीसमोर डोळे मिचकवायला आधी साफ नकार दिला, मग विनीतने समजावल्यावर दोन्ही डोळे एकदम मिटून घेतले आणि उघडले. यंत्र म्हणालं, जुळत नाही. मुलीने आधारवरचा फोटो मोठा करून पाहिला. फोटोत ती मिशी होती, दोन्ही गालांवर पसरलेली.

"आजोबा, मिशी कधी काढलीत?"

बुवांनी ओठांवरून हात फिरवला. मिशी का काढली हे सरकारी केंद्रावर सांगायची पाळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नंबरच बदलून टाकू म्हटलं, तर त्यालाही ठसा लागतो, आणि ठसे नव्याने घ्यायचे तर सध्या गर्दी, तारीख मिळाली ती रामनवमीनंतरची. घरी येताना बुवा विनीतच्या चार पावलं पुढे चालत राहिले. जिन्याखाली फळ्यासमोर मात्र क्षणभर थांबले. दत्तारामचं अक्षर सुंदर होतं, याचाही त्यांना राग आला.

आता पुरुष जिथे अडतात तिथे बायका आधीच पोचलेल्या असतात. रमाबाई आणि सोनूबाई यांचं या दोन वर्षांत एकदाही बोलणं बंद पडलं नव्हतं. नळावर हंडे भरताना नवऱ्यांच्या भांडणाची ताजी खबर दोघी एकमेकींना देत असत. आता त्यांनी बेत केला. दत्ताराम आंघोळीला गेला की विनीतने ॲपवर बटण दाबायचं आणि सोनूबाईंनी फोनवरचे आकडे गॅलरीतून ओरडायचे. बुधवारी दत्ताराम आंघोळीला गेला तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत घेऊन गेला. गुरुवारी विसरला. टुंग झालं. सोनूबाईंनी फोन उचलला, पण चष्मा नव्हता. "चार," त्या ओरडल्या. "नाय, नऊ. थांबा, ह्या मधला काय समजणा नाय, वाटाण्यासारखा दिसता." विनीतने अंदाजाने घातलेला नंबर ॲपने नाकारला. मग दुसरा. मग ॲपनेच कंटाळून उद्या या असं सांगितलं. मोरीतून दत्ताराम म्हणाला, "सोनू, कोणाशी बोलतंस?"

त्या संध्याकाळी बुवा गॅलरीत स्टुलावर बसले होते. मंडळाची पोरं खाली चर्चा करत होती की रामनवमीला कोणाला बसवायचं. एक नाव निघालं, तो कीबोर्डवर गाणारा पोरगा, ज्याच्या यंत्रात टाळ, पखवाज सगळं आपोआप वाजतं. बुवांनी ऐकलं. समोरच्या खोलीत दत्तारामनेही ऐकलं. बुवांच्या पोटात कळ आली ती हर्नियाची नव्हती. त्यांनी मान खाली घातली, आणि रमाबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना असं बसलेलं पाहिलं. त्या तडक उठल्या आणि सोनूबाईंकडे गेल्या.

दोघींनी तह केला तो असा. डॉक्टर म्हणाले होते की हर्निया बराच जुना दिसतो. म्हणजे दोन वर्षांपूर्वीही असणार. म्हणजे त्या रात्री पखवाज पळाला नाही आणि श्वासही आखूड झाला नाही. जो काही घात केला तो हर्नियाने केला. दोष सगळा त्याचा, आणि तो तर आता कापूनच टाकायचा आहे.

रमाबाईंनी हे बुवांना सांगितलं. बुवांनी मांडीवरची उशी नीट केली. "हर्नियान घात केल्यान, ह्या बरोबर," ते म्हणाले. सोनूबाईंनी दत्तारामला सांगितलं. तो म्हणाला, "मी काय वेगळा सांगी होतंय?" खरं तर तो अगदी वेगळंच सांगत होता, पण कोणी आठवण करून दिली नाही.

रविवारी सकाळी दत्ताराम फोन घेऊन बुवांच्या उंबरठ्यापर्यंत आला. दोन वर्षांनी. आत मात्र येईना.

"काका, या ना," विनीत म्हणाला. "ओटीपी सांगितलात की झालं."

"तां जमूचा नाय."

"का?"

"खाली फळ्यार काय लिवलेला आसा? सही कोणाची आसा?"

"मग फक्त स्क्रीन दाखवा. मी वाचतो."

"दाखवणा आणि सांगणा एकच."

विनीतने कपाळावर हात मारला. तोवर सगळा मजला दारात गोळा झाला होता, त्यामुळे दत्तारामला मागे हटायचीही सोय राहिली नव्हती. ज्याने चाळीला शिकवलं त्याने चाळीसमोर ओटीपी सांगायचा, हे होणं नव्हतं. आणि बुवांनीही गयावया करणं होणं नव्हतं. दोघं एकमेकांच्या पायांकडे बघत उभे. मग बुवा भिंतीकडे बघून म्हणाले, "सांगूचो नाय, दाखवूचो नाय. वाजवूचो नाय असा खंय लिवलेला आसा?"

दत्तारामने मान वर केली. त्याने फोन पुन्हा नीट वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग वळला, घरात गेला, आणि दोन वर्षांची गवसणी काढून पखवाज घेऊन बाहेर आला. सोनूबाईंनी कणीक भिजवूनच ठेवली होती. त्याने पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली, गॅलरीत मांडी घातली, उजवी बाजू ठोकून सुरात आणली. विनीत घड्याळ बघत घायकुतीला आला होता. "काका, दहाच मिनिटं असतात हो त्याला."

"बेसूर वाजवूचंय नाय," दत्ताराम म्हणाला. "तो नंबर जावंदे. दाब परत बटण."

टुंग. दत्तारामने आकडे वाचून फोन मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. जितका आकडा तितक्या थापा, मध्ये दम. पहिले चार आकडे छान गेले. पण हात दोन वर्षं उपाशी होते. पाचव्याला लय चढली, सहाव्याला तर त्याने तिहाई घेऊन, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून, समेवर आणून टाकलं. गॅलरीत वाहवा झाली. विनीतने मोजलेला शेवटचा आकडा अठरा होता.

"मेल्या, तिहाई कित्याक घेतलंस?" बुवा म्हणाले. दोन वर्षांतलं त्यांचं दत्तारामशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

"हात गेलो, बुवा."

"सावकाश. माका मोजूचा आसा. तू आणि मी, घाई कोणाक नाय."

विनीतने पुन्हा बटण दाबलं. यावेळी इरावतीबाईंनी मजल्यावरचे सगळे कुकर बंद करायला लावले. दत्तारामने थाप दिली. एक एक, सुटी, घरंगळत न जाणारी. बुवा डोळे मिटून, बोटांची पेरं मोजत, एकेक आकडा विनीतला सांगत गेले. सात. तीन. मग दत्ताराम थांबला. पखवाजावर हात नाही. त्याने उजवा हात हवेत उचलून बाजूला सोडला. विनीत गोंधळला. "काय झालं? विसरले काय?"

बुवांचे डोळे मिटलेलेच होते, पण हाताची झुळूक त्यांना बरोबर कळली. "खाली दिल्यान. बिनथापेची मात्रा. शून्य घाल."

उरलेले तीन आकडे दत्तारामने इतके सावकाश वाजवले की तळमजल्यावरच्या माणसालाही मोजता आले असते. विनीतने शेवटचं बटण दाबलं आणि गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे सगळा मजला बघत राहिला. मग पडद्यावर हिरवी खूण आली, आणि तिच्या शेजारी आधारवरचा फोटो, दोन्ही गालांवर पसरलेल्या मिशीसकट. गॅलरीत असा काही गजर झाला की शेजारच्या चाळीतली माणसं खिडकीत आली. दत्तारामने समेवर थाप मारली आणि बुवांनी त्याचा दंड घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही.

विनीतने ॲपवर काढलेला आत्ताचा फोटो आणि आधारवरचा जुना फोटो यांचं काही पूर्ण जुळलं नव्हतं, म्हणून प्रकरण वरच्या मंजुरीला गेलं. मंजुरी आली तीही अर्थात दत्तारामच्याच फोनवर. तो भर दुपारी वडे तळत असलेल्या रमाबाईंच्या स्वयंपाकघरात चपलांसकट घुसला. "मंजूर," तो म्हणाला. "ह्या सांगूक बंदी नाय, मी वाचून बघलंय."

परळ बाजूच्या एका धर्मादाय रुग्णालयाचं नाव योजनेत होतं. तिथे एका टेबलावर आरोग्यमित्र म्हणून पूर्वी नावाची मुलगी बसते, कार्डवाल्यांची कामं तीच बघते. भरती होताना तिने विचारलं, "आजोबा, मोबाइलवर नंबर आलाय, सांगा." बुवांनी दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामने बाही सरसावली आणि तिच्या टेबलावर वाजवायला सुरुवात केली. पेन उड्या मारू लागले.

"काका, इथे बोलून सांगितलं तरी चालतं," पूर्वी म्हणाली.

दत्तारामने क्षणभर विचार केला. हा मुलूख चाळीच्या फळ्याच्या बाहेरचा होता. मग त्याने तिच्या कानाजवळ जाऊन, तोंडावर हात धरून नंबर सांगितला.

भरती, तपासण्या, मंजुरी, ऑपरेशन, घरी सोडणं, प्रत्येक पायरीला काहीतरी संदेश यायचा आणि तो दत्तारामच्याच फोनवर यायचा, त्यामुळे त्याला हलता येईना. तो बुवांच्या खाटेशी स्टूल टाकून बसला तो बसलाच. रमाबाई डबा आणत तो दोघांचा. फुकटचा पेशंट म्हणून आपल्याला कुठे जिन्याखाली ठेवतील, अशी बुवांची खात्री होती. पण खाट खिडकीशी मिळाली, आणि शेजारच्या खाटेवर लोअर परळच्या टॉवरमधले एक मोठे निवृत्त साहेब निघाले. कार्ड तेच, हर्निया तोच, फक्त बाजू दुसरी. बुवांना इतकं बरं वाटलं की त्यांनी साहेबांना मऊ भात खाण्याबद्दल आपणहून सल्ला दिला. जन्मभर लोकांनी त्यांना सल्ले दिले होते, आता त्यांनाही एक हर्नियावाला मिळाला.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडण्याच्या दिवशी बुवा कपडे घालून खाटेवर बसून राहिले. पूर्वीने विचारलं, "आजोबा, निघायचं ना?"

"बिल?"

"बिल नाही. पुढच्या गोळ्याही याच्यातच आहेत, ही पिशवी."

बुवांना ते पटेना. इतक्या मोठ्या इमारतीतून कोणाला काही न देता बाहेर पडायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत होतं. शेवटी दत्ताराम म्हणाला, "चल बुवा, जन्मभर तू भजनाक बिल लावलंस?" तेव्हा बुवा उठले, आणि फाटकातून जाताना त्यांनी इमारतीला पायरीवरून नमस्कार केला.

रामनवमीला डॉक्टरांनी गायला परवानगी दिली, पण जपून, असं म्हणाले. जपून डबलबारी गाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. कीबोर्डवाला पोरगा पब्लिकमध्ये बसला होता. कॉटन ग्रीनच्या बुवाने पहिल्याच सवालात बुवांच्या पोटावर टीका केली, भजनातून. बुवांनी भजनातूनच सांगितलं की पोट दुरुस्त झालं, तुझं डोकं दुरुस्त करणारं कार्ड मात्र सरकारने अजून काढलेलं नाही. मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. शेवटचा गजर आला. दत्तारामने लय चढवली. या खेपेला त्याने खरोखरच पळवली, मुद्दाम, डोळ्यांत हसत. बुवांनी एकदा त्याच्याकडे रागाने बघितलं, आणि मग सूर असा वर नेला आणि धरून ठेवला की टाळवाले थकले, समोरचा बुवा पेटीवरचे हात काढून बघत बसला, आणि दत्तारामच थापांत मागे पडला. निकाल विचारायची गरज कोणालाच पडली नाही. रमाबाई पुढच्या रांगेत बसून उघड उघड रडत होत्या.

त्यानंतर आठवड्याभराने केंद्रावरची तारीख आली. विनीतने पुन्हा रजा टाकली. "बाबा, आता एकदाचा तुमचा स्वतःचा नंबर घालून टाकू. कटकट नको." गंमत म्हणजे रुग्णालयात आराम मिळून बुवांची बोटं मऊ झाली होती की काय कोण जाणे, यंत्राने पहिल्या दाबाला ठसा घेतला. केंद्रावरची मुलगी खूश झाली. ओठांवर नुकती उगवू लागलेली पांढरी मिशीही तिने पाहिली, पण काही विचारलं नाही.

"सांगा आजोबा, नवीन मोबाइल नंबर."

बुवांनी नंबर सांगितला. तोंडपाठ, न अडखळता. मुलीने टाइप केला आणि थांबली.

"अहो, हा तर जुनाच आहे. आधीपासून लावलेलाच."

"होय," बुवा म्हणाले. "तोच बरोबर लागलो हा काय, तां बघूक इल्लंय."